पुरवून वापरणारीला काय पुरतं?

(महाविद्यालयांत काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि वस्तीपातळीवरची महिला मंडळं यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून इथे देत आहोत.)

आजच्या सत्रासाठी मला विषय दिला आहे 'महाविद्यालयीन युवक आणि शाश्वत जीवनशैली'. पत्रिकेवर तो छान दिसतो. पण हाच विषय घेऊन मी वस्तीतल्या मंडळात गेले, तर कुणीतरी पहिल्यांदा हेच विचारेल की शाश्वत म्हणजे काय गं बाई? शाश्वत म्हटलं की आपल्याला कीर्तन आठवतं. आत्मा शाश्वत, देह नश्वर. त्यात कचऱ्याची बादली आणि पाण्याचा हंडा कुठे बसतो, हे पटकन कळत नाही.

शब्दामागची गोष्ट मात्र साधी आहे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या एका आयोगाने अहवाल दिला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड त्याच्या अध्यक्ष होत्या. त्यात म्हटलं होतं की आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला घालू नये. हा विचार आपल्याला नवा नाही. आपल्या घरांत त्याला 'पुरवून वापरणं' म्हणतात. महिन्याचं तेल पुरवायचं, हंडाभर पाणी पुरवायचं, जुन्या लुगड्याची गोधडी करायची, शिळ्या भाकरीचा कुस्करा करायचा. आपल्या आयांनी आणि आज्यांनी जन्मभर हेच केलं.

पण पुरवून वापरणाऱ्या बाईला स्वतःला काय पुरतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. भाजी सगळ्यांना पुरते, कारण ती शेवटी जेवते आणि उरलेल्या रश्श्यावर भागवते. पाणी पुरतं, कारण ती पहाटे चारला उठते. आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. आणि तो मला सुचला नाही, एका बाईने मला सुनावला. ते कसं झालं ते सांगते.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे. काही वर्षांपूर्वी एका कला-वाणिज्य महाविद्यालयातून बोलावणं आलं. तिथे पर्यावरणाच्या विषयाला मुलांना प्रकल्प करावा लागतो. ही सक्ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेत पर्यावरण हा विषय शिकवला जावा असा आदेश दिला. बरीच वर्षं तो नीट पाळला गेला नाही. २००३ साली न्यायालयाने पुन्हा बजावलं आणि मग पदवीच्या सगळ्या शाखांना हा विषय सक्तीचा झाला. त्यात प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहण्याचं कामही धरलेलं आहे. पण आपल्याला ठाऊक आहे, प्रत्यक्षात काय होतं ते. मागच्या वर्षीच्या मुलाची वही घ्यायची, जागतिक तापमानवाढीवरची पंधरा पानं उतरवायची, मुखपृष्ठावर झाडाचं चित्र चिकटवायचं आणि गुण घ्यायचे. एका प्राध्यापिकेला याचा कंटाळा आला होता. त्यांनी मला विचारलं, मुलांना स्वतःच्या घराकडे आणि वस्तीकडे बघायला लावता येईल का?

मी उत्साहाने हो म्हटलं. चाळीसेक मुलंमुली होती. निम्मी वस्त्यांमधली आणि चाळींमधली, काही सोसायट्यांमधली, काही आसपासच्या गावांहून एसटीने येणारी. मी त्यांना पाच संकल्प दिले. प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची नाही. घरात ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा आणि ओल्याचं खत करायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवायच्या. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना किंवा संडासात वापरायचं. आणि मुलींनी जमल्यास बाजारातल्या पॅडऐवजी कापडी पॅड वापरायचे. महिन्याभरानंतर पालकांना बोलवून मुलांचे अनुभव ऐकायचे, असं ठरलं.

त्या सभेत मुलं फार छान बोलली. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एका मुलीची आई उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. म्हणाली, "ताई, राग नका मानू. संकल्प पोरीनं सोडला, पण निभावायचा कोणी? मीच ना? चार घरची भांडी घासून आले की आता दुधाच्या पिशव्या धुवायच्या. पाणी येतं एक तास. पहिल्या पाण्याची वेगळी बादली ठेवायला दहा बाय दहाच्या खोलीत जागा कुठंय? कचऱ्याला वास सुटला की शेजारीण माझ्याशी भांडते, पोरीशी नाही."

सभेत हशा पिकला. मीही हसले, पण घरी जाताना अंगावर काटा आला. घरकामाच्या ओझ्याबद्दल मी इतकी वर्षं बोलत होते आणि माझ्याच कार्यक्रमाने एका कष्टकरी बाईच्या दिवसात अर्धा-पाऊण तासाचं काम वाढवलं होतं. तेही तिला न विचारता.

दुसरी गोष्ट तर सभेत आलीच नाही. आठवड्याभराने एक मुलगी एकटी भेटायला आली. तिने मनापासून कापडी पॅड वापरले होते. संडास सार्वजनिक. घरात भाऊ, वडील, काका. वाळत घालायला उन्हाची जागा म्हणजे सगळ्यांच्या येण्याजाण्याची गल्ली. म्हणून ती ते टॉवेलखाली लपवून, दमट कोपऱ्यात वाळवायची. तिला खाज आणि पुरळ उठलं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलं तर काहीच अडचण नसते, हे मी वर्गात सांगितलं होतं. पण तिच्याकडे पुरेसं पाणी आहे का, ऊन आहे का, आडोसा आहे का, हे मी विचारलं नव्हतं. तिला दवाखान्यात नेलं, बरं वाटलं. पण चूक माझी होती आणि भोगलं तिने.

पुढच्या वर्षी आम्ही संकल्प बाजूला ठेवले आणि वहीपासून सुरुवात केली. सात दिवसांची वही. रकाने पाच : पाणी, इंधन, अन्न, कचरा, प्रवास. घरात काय आलं, किती वापरलं, कुठे गेलं, एवढंच लिहायचं. आणि त्या आईचं बोलणं आठवून सहावा रकाना घातला : हे काम कोणी केलं, किती वेळ लागला?

या सहाव्या रकान्याने सगळी वही बदलून टाकली. बऱ्याच मुलांनी पाण्याच्या रकान्यात पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'दोन बादल्या'. म्हणजे स्वतःच्या अंघोळीचं पाणी. स्वयंपाकाचं, धुण्याचं, भांड्यांचं, फरशीचं पाणी त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. एका मुलाला नळाला पाणी किती वाजता येतं हेच माहीत नव्हतं. त्याच वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'पहाटे साडेचार ते सहा, आई आणि मी.' दोघांची घरं एकाच गल्लीत होती.

गावाहून येणाऱ्या एका मुलाने इंधनापुढे लिहिलं, 'गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी चुलीवर. सरपण फुकट.' मी त्याला म्हटलं, सहावा रकाना भरून आण. त्याने आईला विचारलं. आठवड्यातून दोनदा ती आणि चुलती सरपणाला जातात, जाऊन-येऊन तीन तास. शिवाय धूर. त्याने 'फुकट' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'आईचे सहा तास'. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि बायांच्या नावाने गॅसजोडण्या मिळाल्या ही चांगली गोष्ट झाली. पण सिलिंडर संपल्यावर दुसरा भरायला रोख पैसा लागतो. तो नसला की बाई पुन्हा चुलीपुढे बसते. घरात पैसा वाचतो तो बऱ्याचदा असा, तिच्या वेळातून आणि तिच्या फुफ्फुसातून.

हे काही आमच्या चाळीस वह्यांपुरतं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण मधलं अंतर दोनशे मिनिटांचं होतं, ते दोनशे मिनिटांचंच राहिलं. आता विचार करा. घराघरांत हिरवे संकल्प न्यायचे आणि ही वाटणी जशीच्या तशी ठेवायची, तर नवं काम कोणाच्या वाट्याला जाणार?

आता कचऱ्याकडे येते. मुलांच्या वहीत कचऱ्याचा शेवट 'गाडीत टाकला' किंवा 'मावशी घेऊन गेल्या' इथे व्हायचा. मावशी तो पुढे कुठे नेतात, काय करतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून कचरावेचक बायांना विचारून, त्यांच्या सोयीच्या दिवशी, मुलांचे छोटे गट सकाळी त्यांच्याबरोबर फिरले.

पुण्यात या कामामागे मोठा लढा आहे आणि त्याची सुरुवात विद्यापीठाच्याच एका कामातून झाली, हे कॉलेजच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरावेचकांच्या वस्तीत जाऊ लागल्या. त्या बायांचं रोजचं जगणं पाहताना ध्यानात आलं की कचरा लोकांनी आधीच वेगळा करून दिला, तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, माल चांगला मिळेल आणि वेळ वाचेल. त्यातून १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. आपण ओला-सुका म्हणतो, तेव्हा तो शब्द पर्यावरणाच्या पुस्तकातला वाटतो. पण इथे तो या बायांच्या कामाच्या हक्काशी जोडलेला आहे.

मुलं फिरून आली ती गप्प होऊन. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी रोज दाढीचं ब्लेड तसंच टाकतो. आज त्या मावशींच्या हाताला लागलेलं ब्लेड पाहिलं." मुलींनी पॅडचं पाहिलं. उघडे, नुसते फेकलेले पॅड बाया हाताने वेगळे करतात. 'स्वच्छ'च्या बायांनी यासाठी लाल ठिपक्याची मोहीम काढली होती : पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. साधी मागणी. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी टाकली होती, की पॅकेटबरोबर प्रत्येक पॅडसाठी वेष्टन द्या. आपल्यापैकी किती जणींना ते मिळालं, हात वर करा. (सभागृहात मोजकेच हात वर.) बघा. नियम कंपनीला आणि उपदेश मुलीला.

तेव्हा कापडी पॅड की बाजारातले, या वादात मी आता एकच उत्तर देत नाही. जिच्याकडे पाणी, ऊन आणि आडोसा आहे तिला कापड परवडतं, कचराही होत नाही. जिच्याकडे ते नाही तिने बाजारातला पॅड वापरला तर तिला पर्यावरणाची गुन्हेगार ठरवायचं नाही. तिने तो नीट गुंडाळून द्यावा एवढं मागायचं. आणि वस्तीत संडास, पाणी, वाळवायला जागा मिळावी यासाठी महापालिकेकडे आपण सगळ्यांनी मिळून जायचं. हे पर्यावरणाचंच काम आहे.

यानंतर मुलांची नजर कॉलेजकडे वळली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका मुलीने विचारलं, "घरचं सगळं लिहिलं, पण इथे आपण दिवसाचे सहा तास असतो. इथला सहावा रकाना कोणाचा?" मग त्यांनी आवाराची वही केली. गळके नळ मोजले. कॅन्टीनच्या कागदी ताटल्या मोजल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही, म्हणून ते खिडकीबाहेर जातात, हे लिहिलं. आणि साफसफाई करणाऱ्या बायांशी बोलले. त्या ठेकेदाराकडच्या. हातमोजे नाहीत, डबा खायला जागा नाही, जिन्याखाली बसतात. तीन वर्षं शिकणाऱ्या मुलांना त्यांची नावं ठाऊक नव्हती.

मुलांनी प्राचार्यांना निवेदन दिलं. झाकणाचे डबे आणि हातमोजे महिन्याभरात आले. नळ दुरुस्त झाले. कॅन्टीनमध्ये स्टीलच्या ताटल्या आणाव्यात ही मागणी मुलांनी केली होती, तेव्हा त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, "पण त्या घासणार कोण?" मला वाटतं, मी त्या वर्गाला काही शिकवलं असेल तर हा प्रश्न. शेवटी ज्याने त्याने आपली ताटली विसळायची असं ठरलं. काही दिवस चाललं, परीक्षेच्या काळात बंद पडलं, पुन्हा सुरू केलं. बायांना बसायला खोली मात्र अजून मिळालेली नाही. दर वर्षी नवी मुलं ते निवेदन पुन्हा देतात. म्हणून मी इथे यशाची गोष्ट सांगते आहे असं समजू नका.

घरांत काय बदललं? थोडं. निम्म्या वह्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर रिकाम्या होत्या. पण काही मुलगे पाणी भरू लागले. एका मुलाची आजी त्यावर रुसली, म्हणाली, घरात दोन बाया असताना पोरगा हंडा उचलतो, लोक काय म्हणतील? त्याची आई काही बोलली नाही. पण त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली होती : 'या आठवड्यात मी दोन दिवस सहापर्यंत झोपले.' आमच्या प्रकल्पाचा एवढा चांगला अहवाल दुसरा नाही.

मैत्रिणींनो, एक जुना वाद आठवून देते. वंदना शिवा यांचं 'स्टेइंग अलाइव्ह' १९८८ साली आलं. बाई आणि निसर्ग यांचं जवळचं नातं आहे, निसर्गाची नासाडी होते तशी बाईचीही होते, अशी त्यांची मांडणी. तिने अनेकींना बळ दिलं. बीना अगरवाल यांनी १९९२ साली त्यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला. हे नातं बाईच्या जन्मजात स्वभावातून येत नाही, कामाची वाटणी, जमिनीची मालकी, वर्ग-जात यांतून ते घडतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे दुसरं म्हणणं रोज पटतं. 'बाई म्हणजे वसुंधरा, बाईच पर्यावरण वाचवेल' अशी पोस्टरं कॉलेजात लागतात, तेव्हा मला त्या चार घरची भांडी घासणाऱ्या आईचा आवाज ऐकू येतो. वसुंधरेला दमायची परवानगी नसते. बाईला ती हवी.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळ जणींना ८ मार्चला आणि ५ जूनला कॉलेजं बोलावतात. ८ मार्चला आपण घरकामावर बोलतो आणि ५ जूनला झाडं लावतो. हे दोन दिवस एकमेकांना भेटले पाहिजेत. पर्यावरणाचा कुठलाही कार्यक्रम ठरला की तीन प्रश्न विचारूया. याने कोणाचं काम वाढलं आणि कोणाचं वाचलं? ज्यांनी हे करायचं त्यांच्याकडे पाणी, जागा, पैसा आणि वेळ आहे का? आणि हे ठरवताना त्यांना विचारलं होतं का?

मुलांना हे प्रश्न कठीण जात नाहीत. ती अजून मोठ्या माणसांसारखी सवयीने आंधळी झालेली नसतात. त्यांच्या हातात वही द्या, सहावा रकाना आखून द्या आणि घरी पाठवा. आणि ज्या आईच्या हंड्यातून घर पुरतं, तिच्यासाठीही त्यातलं काही उरलं पाहिजे, एवढं हिशेबात धरायला सांगा.

वहीचा नमुना मी आणला आहे. जेवणानंतर गटांत बसू, तेव्हा प्रत्येकीने आधी स्वतःच्या घराची भरून बघावी. मी भरली तेव्हा मलाही दोन रकान्यांपुढे माझ्या सासूबाईंचं नाव लिहावं लागलं.